चंपाक्काचा आवाज चढत नाही

दर रविवारी न्याहारी झाली की मी अंजिरी लुगडं नेसते, कपाळावर ठसठशीत कुंकू लावते आणि खालच्या गल्लीतल्या एका घरी जाऊन परक्याच्या पोरीचा छळ करते. उन्हं उतरली की तोंड धुऊन घरी येते आणि भाकऱ्या थापायला बसते. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. चंपाक्काचा नवरा मात्र अजून हयात आहे, म्हणून रविवारपुरतं कुंकू. पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिले तेव्हा हात थांबला होता. गल्लीतल्या दोघीतिघींनी नाकंही मुरडली. आता त्याच बायका विचारतात, आज कुंकू जरा लहान का लावलं म्हणून.

मी मूळची अंगणवाडीची बाई. खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडं आमचं गाव. सगळी नोकरी गावातल्या एका खोलीत गेली. पोरांचं वजन करायचं, खाऊ शिजवायचा, मराठीत गाणी म्हणायची आणि महिन्याच्या मीटिंगला जाऊन कन्नडात हिशेब द्यायचा. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता देवळात जावं, दोन घरी बसावं, बोलावं. तेवढ्यात प्रशांत आला.

प्रशांत माझ्याच अंगणवाडीतला. लहानपणी रोज रडत यायचा आणि घरी जाताना जायला नको म्हणून रडायचा. मोठा झाला, बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत लागला. मग एक दिवस नोकरी सोडली आणि कॅमेरा घेतला. त्याची आई माझ्याकडं येऊन रडली होती. यूट्यूबवर त्यानं गावातल्या गमतीच्या छोट्या छोट्या फिल्मा टाकल्या, त्या लोकांना आवडल्या, आणि मग त्याच्या मनात मोठी मालिका आली. नाव ‘माप’. नवी नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात येते आणि आत तिचं काय होतं, त्याची गोष्ट. नवरा होता, सासरा होता, सून मिळाली होती. सासू, म्हणजे चंपाक्का, मिळत नव्हती. गावातल्या सगळ्या बायकांनी नकार दिला होता, कारण प्रत्येकीच्या घरात खरी सून होती.

“बाई, दोनच भाग काम हाय,” प्रशांत म्हणाला. “तिसऱ्या भागात तुम्ही मरतासा.”

मरायचंच आहे तर काय, म्हणून मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी जीव तोडून ओरडले. खाष्ट सासू म्हणजे ओरडणारी, अशीच माझी समजूत. प्रशांतनं कॅमेरा थांबवला आणि खाली बघत म्हणाला, “बाई, तुम्ही पोरांना रांगंत बसवाय लागलाय.” सगळे हसले. मी ओशाळले. बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले आणि विचार केला की आयुष्यात मला सगळ्यात जास्त कुणी रडवलं. ओरडणाऱ्या कुणी नाही. आमच्या वर एक सुपरवायझरबाई होत्या, त्या कधीच आवाज चढवायच्या नाहीत. गोड हसून कन्नडात “भाळ चलो, भाळ चलो” म्हणायच्या, म्हणजे फार छान, फार छान. आणि त्याच सुरात असं एखादं वाक्य टाकायच्या की ते घेऊन आपण बसमधून घरापर्यंत यायचं. मी आत गेले आणि तो आवाज काढला. हळू, मऊ, पदराचं टोक दोन बोटांत फिरवत. सुनेचं काम करणारी स्नेहल समोर उभी होती. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. प्रशांतनं अंगठा वर केला.

बाहेरच्या माणसाला वाटतं शूटिंग म्हणजे मोठी मजा. आमच्याकडं एक कॅमेरा, दोन दिवे आणि लांब काठीला बांधलेला एक माईक. माईकवर वारा लागू नये म्हणून केसाळ टोपी असते. गावातल्या कुत्र्यांना ते मांजर वाटतं. अगदी रडायचा प्रसंग रंगात आला की एखादं कुत्रं भुंकत आत शिरतं. चेहरा कसाही चालतो, आवाज मात्र साफ लागतो, आणि गाव काही साफ नसतं. गिरण सुरू असते, कोंबडं आरवतं, उसाच्या हंगामात तर ट्रॅक्टरवाले गाणी लावूनच गल्लीतून जातात. एका प्रसंगात मला स्नेहलला म्हणायचं होतं, “या घरात शांतता हाय, तीच तुझ्यानं बघवंना व्हय?” त्या एका वाक्याला अर्धी सकाळ गेली.

रविवारी शूटिंग, मग प्रशांत आणि त्याची बायको ते कापून जोडतात, गुरुवारी भाग येतो. शुक्रवारी कॉमेंटी वाचायच्या. खरी गोष्ट तिथं ठरते. माझा मरायचा भाग लिहून तयार होता. पण पहिले दोन भाग आले आणि लोकांनी मला अशा शिव्या घातल्या की प्रशांत सकाळी सकाळी मोबाईल नाचवत दारात उभा राहिला. “बाई, आता तुम्हाला मारता येत न्हाई. लोक लई चिडल्यात.” तेव्हापासून मला कळलं की या धंद्यात शिव्या वाढल्या की काम वाढतं. प्रेक्षकांनी नवऱ्याला मुका म्हटलं, प्रशांतनं त्याला दोन वाक्यं दिली. सासऱ्याचं खोकणं लोकांना आवडलं, तर बिचाऱ्याला दर भागात खोकावं लागलं. लिहिणारा एक असला तरी त्याच्या मानेवर बसलेले हजार असतात.

सगळ्यात गाजला तो दुधाचा भाग. गोष्टीत सून गरोदर असते आणि चंपाक्का दूध फडताळात ठेवून कुलूप घालते, वर म्हणते, “उष्णता हुतीया बाळाला, म्हणून हो.” तो भाग आला आणि पुढच्या रविवारी चिकोडीकडचं एक जैन जोडपं मोटरसायकलवर म्हशीच्या दुधाचा कॅन बांधून आलं. एवढ्या लांबून. बाई उतरली ती थेट स्नेहलपाशी गेली आणि “तगोरी, तगोरी,” म्हणजे घ्या घ्या, म्हणत कॅन तिच्या हातात दिला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. स्नेहल बेळगावात खासबागला राहते, दवाखान्यात नर्स आहे, लग्नसुद्धा झालेलं नाही, आणि दुधाच्या वासानं तिला मळमळतं. पण त्या बाईसमोर तिनं अर्धा पेला पिऊन दाखवला. तेव्हा मला कळलं की ही पोरगी किती चांगली नटी आहे. त्या दोघांना सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं होतं, म्हणून ते लगेच निघाले. मग आम्ही शूटिंग बाजूला ठेवलं आणि उरलेल्या दुधाचा कुंदा आटवत बसलो. ढवळायचं काम अर्थातच सासूकडं आलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला लागली, ती सांगते. ज्या पोरांना मी कडेवर घेऊन अंगणवाडीत आणलं, त्यांना आता पोरं झालीत. एका लग्नात अशी एक चिमुरडी दिसली. मी सवयीनं हात पुढं केला, तर ती किंचाळून आईच्या मागं लपली. आई हसली, “अगं, बाई हायत त्या, चंपाक्का न्हवं.” पोर काही ऐकेना. आयुष्यभर रडणारी पोरं माझ्याकडं आली की गप्प व्हायची. त्या दिवशी मी जेवले नाही.

तरी ते माझ्यापुरतं होतं. खरी पंचाईत विनायकचं लग्न जमवताना झाली.

विनायक माझा मुलगा. उद्यमबागेतच मशीनशॉपमध्ये आहे, रोज बसनं जाऊन येऊन करतो. शांत स्वभाव, व्यसन नाही, थोडी शेती, घर पक्कं. स्थळं येत होती आणि बघून गेल्यावर निरोप थांबत होते. सुरुवातीला मला वाटलं, पत्रिका जमत नसतील. मग निपाणीजवळच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगी अश्विनी, निपाणीत शाळेत शिकवते. आई लहानपणीच गेलेली, वडील शेतकरी, आणि तिला वाढवलं ते तिच्या आत्यानं. मालूआत्या. लग्न होऊन गेलेल्या, पण फार लवकर माहेरी परत आलेल्या आणि मग भावाच्याच घरी राहिलेल्या. का परत आल्या, ते त्या घरात कुणी बोलत नव्हतं.

आम्ही मुलगी बघून आलो, मुलगी आवडली, मग ते आमचं घर बघायला आले. अश्विनीचे वडील विनायकशी पाऊसपाण्याचं बोलत होते. मालूआत्या मात्र मी पाणी कसं देते, तांब्या कसा ठेवते, ते बघत होत्या. मी चहा करायला उठले तर माझ्या मागून स्वयंपाकघरात आल्या. चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, “दूध कुठं ठेवतासा?”

मी फ्रीज उघडून दाखवला. फ्रीजला कुलूप आहे का, तेही त्यांनी वाकून बघितलं. मला हसू आवरेना, पण त्या हसत नव्हत्या.

चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. मुलगा पसंत, घर पसंत. नकार सासूला होता. मी म्हटलं, अहो ते नाटक आहे. मध्यस्थ बिचारे अडखळत म्हणाले, आम्हीही तेच सांगितलं, पण त्या आत्याबाई म्हणतात, “आत कुटंतरी असल्याबिगर पडद्यावर येतंय व्हय?”

 त्यात थोडं खरं होतं, म्हणूनच जास्त बोचलं. विनायक जेवता जेवता एवढंच म्हणाला, “आई, काम सोड म्हणत न्हाई मी. तुला ते आवडतंय, दिसतंय मला.” मग ताटात बघत राहिला. त्याला अश्विनी मनापासून आवडली होती, हे त्याच्या न बोलण्यावरून कळत होतं.

मी प्रशांतला गाठलं आणि सांगितलं, चंपाक्काला चांगली कर. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. पण मी त्याची बाई, नाही कसं म्हणणार? त्यानं लिहून आणलं. चंपाक्का देवाला जाते, तिथं तिचे डोळे उघडतात, घरी येऊन फडताळाचं कुलूप विहिरीत टाकते आणि सुनेला स्वतःच्या हातानं दूध देते. मी मोठ्या उत्साहानं ते केलं. वाटलं, हा भाग मालूआत्या बघतील आणि आठवड्याभरात फोन येईल.

शुक्रवारी कॉमेंटी बघितल्या. लोकांनी लिहिलं होतं, “सूनबाई, पिऊ नको, विष घातलंय त्यात.” कुणी लिहिलं, “म्हातारी काहीतरी मोठा डाव टाकाय लागलीय.” पुढच्या भागात मी तिचे पाय चेपून दिले, तर लोकांना वाटलं मी तिचा पाय मोडणार. त्याच्या पुढच्या भागात काहीच मोडलं नाही, तेव्हा लोक कंटाळले. बघणारे कमी झाले. पशुखाद्याची जाहिरात देणारा दुकानदार प्रशांतला म्हणाला, सासूचा हा चांगुलपणा बरा झाल्यावर सांगा. प्रशांतनं मला यातलं काही बोलून दाखवलं नाही. पण त्याची आई पुन्हा माझ्याकडं येऊन बसायला लागली होती.

स्नेहलनंच शेवटी तोंड उघडलं. “बाई, तुम्ही प्रेमानं बोलायला लागलात की मला रडायला येत नाही. समोर कुणीच नाही असं वाटतं.” नट एकट्यानं नट नसतो. समोरचा टाकतो तेव्हा आपण झेलतो. मी टाकायचं बंद केलं होतं आणि ती रिकामे हात घेऊन उभी होती.

अशा पडेल दिवसांतल्या एका रविवारी शूटिंग बघायला आलेल्या लोकांत दोन मुली होत्या. असे लोक दर रविवारी येतात, फोटो काढतात, जातात. मी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी स्नेहल दवाखान्यातली ड्यूटी संपवून पहाटेच्या बसनं तशीच आली होती. अंगणात उन्हात उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं आणि ट्रॅक्टर काही थांबत नव्हते. एक गेला की दुसरा. प्रशांत पुन्हा घेऊ, पुन्हा घेऊ करत होता. जेवायची वेळ टळून गेली. मला दिसलं की पोरगी भिंतीला टेकायला लागलीय.

मग माझा आवाज लागला. अंगणवाडीतला खरा आवाज. प्रशांतला म्हटलं, तुला कॅमेरा दिसतो आणि माणूस दिसत नाही का, लाज वाटते का, आधी तिला सावलीत बसव, ताट वाढ, आणि तोपर्यंत कुणी त्या यंत्राला हात लावला तर बघ. वरच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं असणार. माईकवाला काठी टाकून ताटं आणायला पळाला. प्रशांत पुन्हा चार वर्षांचा झाला.

सगळे जेवायला बसले तेव्हा त्या दोन मुलींतली एक माझ्याजवळ आली. तोंडाला बांधलेली ओढणी तिनं सोडली तेव्हा मी ओळखलं. अश्विनी होती.

मला वाटलं, संपलं. नेमकं हेच बघायचं राहिलं होतं.

ती माझ्याशेजारी जोत्यावर बसली. घरी मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगून आली होती.  मग म्हणाली, “तुम्ही खऱ्या रागावल्यावर आवाज चढतोय. चंपाक्काचा चढत न्हाई.”

मी म्हटलं, “मला रागाला जागा ठेवता येत नाही गं. जे असतं ते बाहेर.”

“आमच्यात सगळे असलेच आहेत,” ती म्हणाली. “आप्पा तर गोठ्यातनं ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबतात. त्याचं मला काय वाटत न्हाई. मला हळू बोलणाऱ्यांची भीती वाटते. तेच बघायला आलते, तुम्ही घरात कुठल्या आवाजात बोलता ते.”

मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं आणि थोडी धास्तीही. मग तिचा सूर बदलला, कारण ती नुसती स्थळ म्हणून आलेली नव्हती, मालिकेची पहिल्या भागापासूनची प्रेक्षक होती. तिनं प्रशांतला हाक मारून समोर बसवलं आणि सरळ विचारलं की चंपाक्काला असं वाया का घालवलं. असल्या बायका देवाला जाऊन एका दिवसात बऱ्या होतात का? प्रशांत माझ्याकडं बघायला लागला. कारण कसं सांगणार? शेवटी मीच सांगितलं की पोरी, हे तुझ्यासाठीच केलं. ती आधी लाजली, मग खूप हसली.

“मला तिला चांगली झालेली बघायचं न्हाई,” ती म्हणाली. “ती नवी सून होती तेव्हा तिचं काय झालं, ते दाखवा की. तिला तरी कुणी दूध दिलं हुतं का?”

प्रशांत ताट तसंच ठेवून उठला आणि अंगणात फेऱ्या मारायला लागला. तो असा फिरायला लागला की काहीतरी सुचलेलं असतं.

तो भाग लिहायला त्याला आठवडा लागला. तरुण चंपाक्का आणि तिची सासू अशी दोन माणसं हवी होती. नवीन नट कुठून आणणार? मग असं ठरलं की तरुण चंपाक्का स्नेहलनं करायची आणि तिची सासू मी. मी केस पांढरे केले, पाठीत वाकले, आणि तोच हळू आवाज ठेवला. स्नेहलला मी अगदी तेच बोलत होते जे आजवर चंपाक्का होऊन बोलत आले होते. मधेच मला वाटलं, मी कुणाला छळतेय, सुनेला की स्वतःलाच? पण ते वाटणं मी तोंडावर येऊ दिलं नाही. शेवटच्या प्रसंगात पुन्हा आजची चंपाक्का, फडताळासमोर एकटी, काही न बोलता. तो प्रसंग पहिल्या खेपेला झाला. ट्रॅक्टरसुद्धा आला नाही.

त्या गुरुवारनंतर शिव्या कमी आल्या, पण कॉमेंटी लांबच लांब आल्या. बायकांनी आपापल्या घरातलं लिहिलं होतं. एकीनं लिहिलं, माझी सासू आता अंथरुणावर आहे, आज पहिल्यांदा तिच्याजवळ जाऊन बसले. एकीनं लिहिलं, तरीपण चंपाक्काला माफी नाही. मला दोन्ही पटलं. प्रशांतनं दोन्ही वाचून घेतलं आणि चंपाक्काला पुन्हा खाष्ट केली. फक्त आता ती खाष्टपणा करून झाल्यावर क्षणभर थांबते. तेवढाच फरक. बघणारे परत आले, पशुखाद्यवालाही परत आला.

अश्विनीनं घरी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं होतं. ते राजी होते, अडलं होतं आत्यापाशी. तो भाग मालूआत्यांनी एकटीनं बघितला, पुन्हा एकदा बघितला आणि मोबाईल पालथा घालून ठेवला, असं अश्विनीनं नंतर सांगितलं.  तिसऱ्या दिवशी भावाला म्हणाल्या, “पोरीला जाऊ दे. पर मी महिन्याला बगाय जाणार.”

लग्न झालं. लग्नात बायका माझ्यापेक्षा स्नेहलभोवतीच जास्त होत्या, सूनबाई, बरी दिसतेस, तब्येत जप म्हणून. खऱ्या सुनेकडं बघायला कुणाला सवड नव्हती. मालूआत्यांनी बोलल्याप्रमाणे येणं सुरू केलं. निपाणीहून बेळगाव, बेळगावहून खानापूर, तिथून आमच्या गावची बस. आल्या की आधी अश्विनीचा चेहरा बघायच्या, मग तिचं मनगट धरून बघायच्या, मग चहा घ्यायच्या. मला त्याचा राग आला नाही. माझी मुलगी असती तर मीही हेच केलं असतं.

अश्विनी आता खानापुरात शिकवते. संध्याकाळी मला पाठांतराला मदत करते. मी चंपाक्काचं म्हणायचं, तिनं सुनेचं. एका शनिवारी आम्ही दोघी अशाच स्वयंपाकघरात उभ्या होतो. सून माहेरून परत येते, असा प्रसंग होता आणि चंपाक्काच्या तोंडी लांबलचक बोलणं होतं. मी ते हळू आवाजात, पदर फिरवत म्हणत होते, अश्विनी खाली मान घालून उभी. आणि दारात मालूआत्या. पिशवी हातातच होती. कधी आल्या, किती ऐकलं, काही कळलं नाही.

अश्विनी म्हणाली, “आत्या, पाठ करतोय आम्ही.”

मालूआत्यांनी पिशवी खाली ठेवली. पाटावर बसल्या. पाणीसुद्धा मागितलं नाही. मला म्हणाल्या, “तसं न्हाय म्हणत सासू. एवढं लांब कोण बोलतंय? परत आलेल्या सुनेला एकच म्हणायचं असतंय. ‘आलीस? लवकर आलीस. तिथंबी ठेवून घेतलं न्हाई व्हय?’”

त्यांनी ते अगदी हळू म्हटलं. गोड म्हटलं. मी इतक्या दिवसांत तो आवाज तसा काढला नव्हता. अश्विनी त्यांच्याकडं बघत राहिली. तिला या बाईनं लहानाचं मोठं केलं होतं आणि हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळानं मी विचारलं, “आत्या, घालू का हे?”

“घाला,” त्या म्हणाल्या. “माझं नाव नगं.”

दुसऱ्या दिवशी प्रशांतनं लांबलचक बोलणं खोडून टाकलं आणि ते एक वाक्य ठेवलं. गुरुवारी भाग आला. शुक्रवारी शिव्यांचा पाऊस. त्याच दिवशी दुपारी मालूआत्यांचा फोन. आधी अश्विनीची चौकशी केली. मग म्हणाल्या, “हुबेहूब अशीच म्हणायची माझी सासू. त्या येळंला मी दारातच हुबी ऱ्हायलेली. काय बोलावं सुचलं न्हवतं.”

मी विचारलं, “आणि आता?”

“काल सुचलं,” त्या म्हणाल्या. “घरात कुणी न्हवतं. मोबाईलकडं बघून तिला म्हटलं, ‘ठेवून घेत हुते की. पर हे घर माझंबी हाय, म्हणून आले.’”

मी ते प्रशांतला सांगितलं. पुढच्या रविवारी त्यानं स्नेहलला तेच वाक्य दिलं. मालूआत्या मुद्दाम बघायला आल्या होत्या, त्यांना कॅमेऱ्यामागं खुर्ची दिली. मी उंबऱ्याच्या आत, स्नेहल बाहेर. माझ्या हातातल्या कागदावर तिच्या वाक्यानंतर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी प्रशांतला विचारलं, “यावर मी काय म्हणू?”

तो म्हणाला, “काही म्हणू नका, बाई. तिला आत येऊ द्या.”

स्नेहलनं मान वर केली आणि ते म्हटलं. आवाज न चढवता म्हटलं. मी बाजूला झाले. ती माझ्याजवळून आत गेली. कॅमेऱ्यामागं मालूआत्यांनी पदर तोंडाला लावला होता, तो हसून की रडून, ते मला नीट दिसलं नाही. मी चंपाक्का होते, मला तिकडं बघता येत नव्हतं.